मी फक्त टॉर्च धरला

"काकू, मी एकही मासा मारला नाही. मी फक्त टॉर्च धरला होता."

माझा पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आषाढातल्या एका शनिवारी रात्री दोन वाजता घरी आला, तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. मित्रांबरोबर शहराबाहेरच्या एका तलावावर गेला होता म्हणे. त्यातल्या एकाकडे रबर ताणून तीर सोडायची बंदूक होती, ऑनलाइन मागवलेली. हे ऐकून आमच्या जाऊबाईंचा जीव भांड्यात पडला. "खाल्लं नाहीस ना? मग झालं. सकाळी मंदिरात जाऊन ये."

माझा जीव काही भांड्यात पडला नाही. मी त्याला मोबाइलमधला व्हिडिओ दाखवायला लावला. पाण्यावर टॉर्चचा गोल उजेड आणि त्यात केशरी रंगाचा एक पुंजका, कुणी कुंकवाची पूड सांडावी तसा हलणारा. पोरं ओरडताहेत, "नीचे है, नीचे है!" मग तीर सुटतो.

तो पुंजका म्हणजे मरळीची पिल्लं. मरळ म्हणजे इथला कोर्रमीनू, आपल्या तेलंगणाचा राज्यमासा. मृगाच्या दिवशी नामपल्लीच्या मैदानावर दम्याच्या औषधासाठी रांगा लागतात ना, तिथे जिवंत गिळायला देतात तेही याचंच पिल्लू. (शाकाहारी माणसांना औषध गुळातून मिळतं, म्हणून आपलीही माणसं त्या रांगेत असतात.) हा मासा नुसत्या पाण्यातल्या हवेवर जगत नाही. त्याला वर येऊन श्वास घ्यावाच लागतो. पिल्लं एकत्र झुंडीने वर येतात आणि आईबाप खाली पहाऱ्याला असतात. पिल्लं मोठी होईपर्यंत ते त्यांना सोडून जात नाहीत. भालेवाल्याला हेच हवं असतं. पुंजका दिसला की मोठा मासा शोधावा लागत नाही, तो पिल्लांखालीच असतो. तो गेला की राखण गेली, आणि ती पिल्लं बाकीच्या माशांचं, बगळ्यांचं खाद्य होतात. एका तिराला किती जीव, याचा हिशेब पुतण्याने केला नव्हता. जाऊबाईंनीही केला नाही.

हे मी आमच्या मंडळात स्वाध्यायानंतर बोलले, तर एक ताई म्हणाल्या, "मासेमारीच्या कायद्याशी आपला काय संबंध? आपल्याला सगळीच मासेमारी पाप. त्यात कायदेशीर कोणती, बेकायदेशीर कोणती, हे खाणाऱ्यांनी बघावं." दोन-चार माना हलल्या. हा लेख मी त्या मानांसाठी लिहिते आहे.

ताई, कृत, कारित आणि अनुमोदना हे तिन्ही आपण लहानपणी पाठ केलेत. केलं, करवलं, आणि करणाऱ्याला 'वा' म्हटलं. टॉर्च धरणारा कशात बसतो ते सांगा. अनर्थदंडात हिंसादान वेगळं सांगितलंय, म्हणजे हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हातात देणं. ती तिराची बंदूक ज्या दुकानातून, ज्या गोदामातून आली, तिथे आपलं कुणी बसलेलं नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल?

गंमत बघा. इंग्लंडच्या 1975 च्या कायद्यात नदी-तलावातले मासे पकडायला जी साधनं मना आहेत, त्यांत भाला आहे आणि दिवासुद्धा आहे. टॉर्च धरणारा तिथे सुटत नाही. आणि त्याच इंग्रजांनी 1897 साली हिंदुस्थानसाठी केलेल्या मासेमारी कायद्यात? पाण्यात सुरुंग लावू नका, विष किंवा चुना टाकू नका, नाहीतर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जाळी कशी असावी, हे ठरवायचं राज्यांवर सोडलं. भाल्याचं नावही नाही. निजामाच्या मुलखाला तर तोही लागू नव्हता. इथला जुना कायदा फसली सन 1321 चा, म्हणजे 1911-12 च्या सुमाराचा. अहो, समुद्रातल्या माशांच्या विणीसाठी पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. पावसात जमीन जिवांनी भरते म्हणून आपले महाराज चार महिने विहार थांबवतात, तेच हे दिवस. चातुर्मासाचं मर्म ज्या समाजाला कुणी शिकवावं लागत नाही, त्या समाजाने तलावांसाठी विणीच्या काळातली बंदी मागायला काय हरकत आहे? अर्जाला सह्या लागतील, सोनं लागणार नाही.

आता आपलंच एक सांगते, राग मानू नका. काही वर्षांपूर्वी आमच्याच मंडळाने जीवदया म्हणून एका पोऱ्याकडून दोन बादल्या जिवंत मासे विकत घेतले आणि तलावात सोडले. मीही पन्नास रुपये दिले होते. पुढच्या आठवड्यात तो चार बादल्या घेऊन दारात. कुठून आणले, कसे धरले, कुणी विचारलं नाही. त्यांत लांब मिशांचे काळे मासे होते. आज वाटतं, तो आफ्रिकी मांगूर असावा. हा मासा बाकीचे मासे फस्त करतो म्हणून देशात त्याच्या पैदाशीला बंदी आहे. आम्ही णमोकार म्हणत तो तलावात सोडला असेल, तर अभयदान कुणाला दिलं आणि कुणाचं काढून घेतलं?

आणि कृपा करून कोळ्यांवर घसरू नका. इथले तलाव गंगपुत्र आणि मुदिराज लोकांच्या सहकारी संस्थांकडे असतात. ते बीज सोडतात, वाढीची वाट पाहतात, राखण करतात. त्यांचा धंदा मला पटो न पटो, रात्री टॉर्च घेऊन येणारी पोरं त्यांच्याकडे चोरी करतात. म्हणजे आमच्या पुतण्याच्या पदरी हिंसा आणि चोरी दोन्ही. पाच अणुव्रतांतली दोन एका रात्रीत गेली. माशांचे ढीग तर जाळ्याशिवायही लागतात. 2017 साली पाटणचेरूजवळच्या गांडीगुडेम तलावात मेलेल्या माशांचा खच पडला, आणि बोट आसपासच्या कारखान्यांकडे गेलं. श्रावकाला जे धंदे वर्ज्य सांगितलेत त्यांत विषाचा व्यापार आहे. तळी-सरोवरं आटवणंही आहे. हैदराबादेत तलाव बुजवून प्लॉट पाडले गेले, आणि त्यांवर उभ्या राहिलेल्या फ्लॅटांच्या वास्तुशांतीला आपण जेवून आलो.

माझी आजी पाणी गाळायची, आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही. जिथले जीव तिथेच गेले पाहिजेत, यावर तिचा कटाक्ष होता. 1908 च्या मुसीच्या महापुरानंतर उस्मान सागर बांधला, आपलं गंडीपेट. किती पिढ्यांनी ते पाणी गाळून प्यायलं! नळ आला तशी आपली विहीर बदलली, हे आपल्या लक्षात आलं नाही, इतकंच. नाहीतर विहिरीवर कोण काय करतं याच्याशी आपला काय संबंध, असं आजी म्हणाली असती का?

पुतण्याला मी एकच सांगितलं आहे. त्या तलावाच्या संस्थेच्या माणसाला जाऊन भेट, काय केलं ते सांग, आणि भरपाई काय ते विचार. जाऊबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, परक्या लोकांपुढे पोराला कशाला उभं करता म्हणून. तो अजून गेलेला नाही. टॉर्च माझ्या कपाटात आहे. परवा मागायला आला होता, दिला नाही.