कॅच काय आहे?

पहाटेची कर्जत-सीएसएमटी लोकल मी रोज पकडते. मराठीत 'पकडते', इंग्रजीत 'कॅच' करते. इथवर दोन्ही भाषांचं मस्त जमतं. घोळ पुढे सुरू होतो.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लेट झाला म्हणून बॉसला सांगितलं, 'आय कॅच्ड द नेक्स्ट ट्रेन.' मागच्या क्युबिकलमधून खुदकन हसू आलं. अहो, 'कॉट' येत होतं मला! ऐन वेळी जीभ घसरली. त्या संध्याकाळी ठाण्यापासून बदलापूरपर्यंत गर्दीत उभ्याउभ्या कॅच-कॉट-कॉट घोकत होते. मग चिडून या क्रियापदाच्या मागेच लागले.

भलतंच मल्टिटास्किंग निघालं हो ते! इंग्रज सर्दी 'कॅच' करतात, आपल्याला ती होते. त्यांचं घर आग 'कॅच' करतं, आपल्याकडे आग लागते. ते श्वास 'कॅच' करतात, आपण दम खातो. एखादा ड्रेस त्यांची नजर 'कॅच' करतो, आपल्या नजरेत तो भरतो. ओढणी खिळ्याला अडकली तरी कॅच, नाव नीट ऐकू आलं नाही तरी 'डिडन्ट कॅच'. आणि ऑफर फारच झकास असली, की त्यात 'कॅच' असतोच. आपण म्हणतो गोम! इंग्रजी सगळ्यांना एकाच डब्यात कोंबतं, मराठी ज्याला त्याला वेगळी सीट देते.

आमच्या भागात तर रेल्वेलाही 'कॅच' लागतो. पळसदरीला रूळ फुटतात. एक फाटा खोपोलीला, दुसरा बोरघाटात. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटात चढण ३७ फुटांना एक फूट इतकी खडी. उतरणारी गाडी बेफाम सुटली तर? म्हणून 'कॅच सायडिंग'. मुख्य मार्गाच्या बाजूला काढलेला, वर चढत जाणारा रूळ. उतरताना गाडीने आधी थांबून दाखवायचं, मगच पुढचा मार्ग मोकळा. सुसाट सुटलेली गाडी चढणीवर जाऊन आपोआप थंडावते.

डिक्शनरीत आणखी एक गंमत सापडली. 'कॅच' आणि 'चेस' हे सख्खे भाऊ. मूळ एकच, जुन्या फ्रेंचच्या दोन बोलींमधून दोघं इंग्रजीत आले. एक पकडण्याकडे गेला, दुसरा पाठलागाकडे.

हे वाचलं आणि खोपोलीची मैत्रीण आठवली. शाळेत दहा वर्षं एका बाकावर बसलो आम्ही. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, की आलीच खोपोली. तरी दोन वर्षं मी तिला नुसते मेसेज टाकत होते, 'लेट्स कॅच अप!' खरं तर 'कॅच अप' म्हणजे मागे राहिलेल्याने धावत पुढच्याला गाठणं. गेल्या महिन्यात तिचं उत्तर आलं, 'कॅच कशाला करतेस गं? मी कुठे पळतेय? खोपोलीतच आहे.'

रविवारी गेले. दार उघडलं तर तिची आई कॉटवर. पॅरालिसिसचा झटका येऊन सहा महिने झाले होते. याच काकूंनी मला दहावीच्या परीक्षेला डबा दिला होता.

'सांगितलं का नाहीस?' मी विचारलं.

'तू घाईत असतेस ना,' ती म्हणाली. सहज म्हणाली, टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

मग मी काकूंना वरण-भात भरवला. त्यांना बोलता येत नाही, पण माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मैत्रिणीने घड्याळाकडे पाहिलं, 'निघ आता, लोकल चुकेल. खोपोलीला गाड्या मोजक्याच.'

मी हात सोडवला नाही. आय कॉट द नेक्स्ट ट्रेन. या वेळी ग्रामरही बरोबर होतं.