इनामगावची मूर्ती आणि दफनविधी



गेल्या अंकातील लेखात इनामगावच्या मृण्मूर्तींची तुलना मेक्सिकोतील हाइना बेटावरच्या माया मूर्तींशी करून दोन्हींना 'मृतांचे सोबती' म्हटले आहे. मात्र ही तुलना अर्धीच पटते. हाइनाच्या मूर्ती, ज्यांतील कित्येक पोकळ असून शिट्टीसारख्या वाजतात, थडग्यांत मृतदेहासोबत सापडतात, तर घोड नदीकाठच्या इनामगावात (ता. शिरूर) डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात मिळालेली प्रसिद्ध शिरविहीन स्त्रीमूर्ती घराच्या जमिनीखाली, झाकण असलेल्या मातीच्या पेटीपाशी, बैलासह आढळली. कच्च्या मातीच्या या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्र आहे. काडी घातली की मूर्ती बैलावर बसवता येते, म्हणजे ती हाताळण्यासाठी, बहुधा घरगुती पूजेसाठी घडवलेली असावी.

गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण इनामगाव ज्या जोर्वे संस्कृतीचे, तिच्यात, म्हणजे दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकरी समाजात, लहान मुलांनाही घरातच, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत पुरत असत आणि प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून त्यांना पुरले जाई. दफनविधीचा खरा मातीकाम-नमुना पाहायचा तर तो त्या मूर्तीत नव्हे, इनामगावातल्याच चार पायांच्या मोठ्या कच्च्या रांजणात आहे, ज्यात बसलेल्या अवस्थेत पुरलेल्या प्रौढ पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते.

— एक वाचक, पनवेल