जबाबदारी कोण घेणार?

गेल्या हिवाळ्यात कार्यालयीन कामासाठी मैसूरला जाणे झाले. रविवारी तेथील एका मराठी कुटुंबाबरोबर तलकाडला गेलो. कावेरीकाठची, वाळूखाली गाडली गेलेली आणि पुन्हा मोकळी केलेली मंदिरे पाहून झाल्यावर आम्ही झाडाखाली जेवायला बसलो. डब्यात चित्रान्न होते. यजमानांच्या चोवीस वर्षांच्या मुलाने ते सर्वांना वाढले, प्रत्येकाला मोजून दोन डाव. मी आणखी थोडे मागितले, तेव्हा त्याने गंभीरपणे विचारले, "थोडे म्हणजे किती डाव, काका?" मी म्हणालो, "अर्धा." त्याने बरोबर अर्धा डाव वाढला.

हा मुलगा स्वमग्न आहे. म्हणजे त्याला ऑटिझम आहे. ते चित्रान्न त्यानेच केले होते, भात शिजवण्यापासून फोडणीपर्यंत. हे शिकायला त्याला चौदा महिने लागले आणि शिकवले ते त्याच्या आईने. ज्या प्रशिक्षण केंद्रात तो काही वर्षे जात होता, तेथे त्याने कागदी पिशव्या चिकटवल्या आणि पणत्या रंगवल्या. स्वयंपाकाचा विषय आईने काढला तेव्हा उत्तर मिळाले, "गॅस आहे, सुरी आहे. जबाबदारी कोण घेणार?"

हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर इतक्या वेळा स्वतः वापरले आहे, की त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. ते वाक्य काळजीपोटी येत नाही. काही न करण्याबद्दल कोणालाही जाब विचारला जात नाही, या खात्रीतून ते येते.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. त्याच कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते की स्वमग्न व बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी खास कौशल्य-प्रशिक्षण असावे आणि त्याचा बाजाराशी सक्रिय दुवा असावा. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. पणतीचा बाजार वर्षातून एकदा, दिवाळीत, आणि तोही बहुधा दयेपोटी. जेवणाचा बाजार मात्र रोज दोन वेळा भरतो. मग आपण शिकवतो काय? पणती!

सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अक्षमता या सर्वांत मिळून वाटला जातो. तो हवाच. पण ज्याला नोकरी मिळणार नाही, त्यालाही रात्री भूक लागणारच आहे.

"यांना स्वयंपाक जमणार कसा?" असे विचारणाऱ्यांनी आधी आपली शिकवण्याची रीत तपासावी. आपल्या घरांत स्वयंपाक अंदाजाने शिकवला जातो: चवीपुरते मीठ, खमंग वास येईपर्यंत परतणे, हाताला लागेल इतके पाणी. शब्दाचा नेमका अर्थ धरून चालणाऱ्या मुलापुढे ही वाक्ये म्हणजे भिंत आहे. कमलाबाई ओगले यांनी 'रुचिरा'त वाटी-चमच्याचे माप दिले आणि घरापासून दूर राहणाऱ्या कितीतरी नवशिक्यांची सोय झाली. स्वमग्न मुलांना हेच आणखी बारकाईने लागते. एका कृतीचे वीस-पंचवीस लहान टप्पे, प्रत्येक टप्प्याचे चित्र, खूण केलेली वाटी, वेळ सांगणारे घड्याळ. काहींना कुकरची शिट्टी असह्य होते, काहींना कणकेचा चिकटपणा सोसत नाही. तेव्हा कुकर बदलावा, कणकेऐवजी पोह्यांपासून सुरुवात करावी. हे जिद्दीचे चमत्कार नव्हेत, साधे नियोजन आहे; आणि नियोजन हा तर आम्हा सरकारी लोकांचा धंदा!

धोका नाही असे मी म्हणत नाही. काहींना फिट येतात. त्यांच्याबाबतीत उघडी ज्योत टाळली पाहिजे आणि जवळ कोणी असले पाहिजे. पण विजेची शेगडी आहे, भाताचा विजेचा कुकर आहे. प्रत्येकाला सगळे येईल असेही नाही. कोणी पूर्ण जेवण करील, कोणी फक्त मटार सोलील. ज्याला स्वयंपाक आवडत नाही त्याच्यावर तो लादूही नये. मात्र दार उघडे ठेवून कोणी आत न जाणे वेगळे आणि दारालाच कुलूप असणे वेगळे.

आणि कुलूपालाही किंमत असते. ती आई भरते. बहुतेक वेळा स्वतःची नोकरी सोडून. हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही म्हणून तो शून्य धरला जातो. मुंबईत जुहूला २०१८ साली यश चॅरिटेबल ट्रस्टने 'कॅफे अर्पण' सुरू केले. स्वमग्न आणि अन्य विकासात्मक अक्षमता असलेल्या प्रौढांना कामाची जागा मिळावी म्हणून. त्याआधी याच संस्थेने डबे पुरवण्याचे काम चालवले होते. म्हणजे हे होऊ शकते. पण एका जिद्दी संस्थेने केले म्हणून शासनाची सुटका होत नाही.

राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज तिच्यापुढे येतो. माझी सूचना तीन ओळींची आहे. अर्ज मंजूर करताना समितीने विचारावे, या व्यक्तीला स्वतःसाठी काय शिजवता येते? अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रौढ केंद्रात एक सुरक्षित स्वयंपाकघर असावे. आणि वार्षिक अहवालात हजेरीच्या आकड्याशेजारी, किती जण एक वेळचे जेवण स्वतः करू लागले, तो आकडा असावा.

तलकाडहून परतताना त्या आईने मला एवढेच विचारले, "आम्ही आहोत तोवर ठीक. पुढे?" कागदोपत्री तिच्या मुलाला पालक नेमता येईल. पण त्या पालकाच्या घरी पोहोचेपर्यंत, किंवा तो पालक आजारी पडेल त्या दिवशी, मुलाच्या पोटात काय जाईल याचे उत्तर कोणत्याही आदेशात नाही. ते त्या चौदा महिन्यांत आहे. ते चौदा महिने आपण दिले पाहिजेत, एकट्या आईने नव्हे.