विश्लेषण : फायबर वेगवान, तरी टोरंट संथ का?

१०० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी. तरीही लिनक्सची एखादी जुनी आवृत्ती टोरंटवरून घेताना वेग काही केबींवरच रेंगाळतो. महागडा प्लॅन घेऊनही अनेकदा फरक पडत नाही, कारण अडचण वेगळीच असते.

वेग कशावर ठरतो?

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरंटमध्ये फाइल एका सर्व्हरवरून येत नाही. ती तुकड्यातुकड्यांनी इतर वापरकर्त्यांकडून येते. त्यामुळे पूर्ण फाइल असलेले ‘सीडर’ किती आहेत, हे सर्वात महत्त्वाचे. शिवाय जो देतो त्याला आधी मिळते. अपलोड शून्याजवळ आणले, तर इतरही हात आखडता घेतात.

मग अपलोड मोकळे सोडावे का?

तेही नाही. अपलोडची वाट पूर्ण भरली, की डेटा मिळाल्याची पोचपावतीही अडकते आणि डाउनलोड मंदावते. प्रत्यक्ष अपलोड वेगाच्या साधारण ८० टक्क्यांवर मर्यादा घालणे सोयीचे.

‘सीजीनॅट’ची अडचण काय?

आयपीव्ही४ पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. ते अपुरे पडत असल्याने अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. यालाच सीजीनॅट म्हणतात. यात ग्राहक इतरांशी संपर्क साधू शकतो, पण बाहेरच्यांना सहसा त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. दोन्ही बाजूंना हीच स्थिती असेल, तर जोडणी जुळणे कठीण. सीडर भरपूर असतील तर हे जाणवत नाही. मोजकेच असतील तर फाइल अडते.

हे कसे ओळखावे?

राउटरमधील वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर जोडणी सीजीनॅटमागे आहे. अशा वेळी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून उपयोग नसतो. कंपनीकडून सार्वजनिक आयपी पत्ता मागणे किंवा आयपीव्ही६ सुरू करून राउटरच्या फायरवॉलमध्ये टोरंटच्या पोर्टला परवानगी देणे, हे पर्याय उरतात.

सेटिंगपलीकडे काय?

डाउनलोड संपताच प्रोग्राम बंद करण्याची सवय. शेवटचा सीडर गेला आणि उरलेल्यांकडे सगळे तुकडे नसले, तर कोणताही प्लॅन ती फाइल पूर्ण करू शकत नाही. मात्र डाउनलोड करणारा त्याच वेळी वाटपही करत असतो. म्हणूनच मुक्त परवान्याच्या फाइलींपुरतेच हे करणे सुरक्षित. कॉपीराइटचा जाणूनबुजून भंग केल्यास १९५७ च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.