गृहस्थाचे पौरोहित्य

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा भरला आहे, आणि ज्यांना पंढरी गाठणे शक्य झाले नाही त्यांनी आपापल्या गावच्या विठ्ठलमंदिरात माथा टेकविला असेल. या सोहळ्यातील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही, कारण ती आपल्या फार जवळची आहे. लाखोंचा हा समुदाय आळंदी-देहूहून चालत निघतो, त्याचे मुक्काम पडतात, त्याचे भजन-कीर्तन नेमाने होते. पण हे सारे कोणा दीक्षित पुरोहितवर्गाच्या बळावर होत नाही. वीणेकरी शेतकरी असतो, मृदंग वाजविणारा सुतार किंवा शाळामास्तर असतो, दिंडीच्या भाकऱ्या थापणाऱ्या मायबहिणी तुमच्या-आमच्या घरातल्याच असतात. या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हेही शिंद्यांच्या पदरचे सरदार होते. प्रपंच सांभाळून देवाचे काम करणाऱ्या माणसांनीच ही परंपरा आजवर चालवीत आणली.

असे असताना आपण या माणसांना वागवितो कसे? आमच्या परिचयाच्या एका मंदिरात एक वृद्ध गृहस्थ वर्षानुवर्षे काकड्याची तयारी करीत. पहाटे गाभारा झाडणे, समया उजळणे, पोथीची पाने लावून ठेवणे, कोणी आजारी पडले तर त्याच्या घरी जाऊन चार ओव्या वाचून येणे, हा त्यांचा नित्यक्रम. पुढे ते अंथरुणाला खिळले. काकडा थांबला तेव्हा 'आज काकडा का नाही?' असा प्रश्न अनेकांनी केला; ते कसे आहेत, हे विचारावयास मात्र फार थोडे गेले. आम्हीही पंधरा दिवस उशिराच गेलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. धर्मकार्यात राबणाऱ्या गृहस्थाला, गृहिणीला उत्तेजन द्यावयाचे म्हणजे नेमके काय द्यावयाचे? नारळ आणि शाल? वार्षिक अहवालातील आभाराची एक ओळ? या प्रश्नाचा शोध घेताना आम्हांस एका परक्या संप्रदायाचा, युरोपातील लूथरपंथी ख्रिस्ती समाजाचा, इतिहास फार उद्बोधक वाटला. एकादशीच्या पानावर ख्रिस्ती चर्चची कथा कशाला, असे काही वाचक म्हणतील. मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या कार्याविषयी आमचे मत आमच्या वाचकांहून निराळे नाही. परंतु शेजाऱ्याच्या घरी विहीर कशी खणली आणि ती कोठे ढासळली हे पाहून आलो म्हणजे त्याचे कुलदैवत आपण स्वीकारले, असे होत नाही.

मार्टिन लूथर हा स्वतः संन्यासी आणि दीक्षित धर्मगुरू. १५२० मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पत्रकात त्याने असे प्रतिपादिले की, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक मनुष्य धर्माच्या दृष्टीने पुरोहितच आहे. चांभार, लोहार, शेतकरी आणि बिशप यांच्यात भेद आहे तो केवळ नेमून दिलेल्या कामाचा, योग्यतेचा नव्हे. पुढे सॅक्सनी प्रांतातील खेड्यांची पाहणी झाली, तेव्हा सामान्य लोकांना धर्माची मूलतत्त्वेही ठाऊक नाहीत आणि कित्येक पाद्री ती शिकवावयास असमर्थ आहेत, असे त्यास दिसून आले. त्यावर त्याने १५२९ मध्ये एक लहानसे प्रश्नोत्तरीवजा पुस्तक लिहिले. ते प्रामुख्याने घरातील कर्त्या माणसाने आपल्या मुलामाणसांना शिकवावे, अशी त्याची योजना होती. सकाळी उठल्यावर, जेवावयास बसताना आणि निजताना काय म्हणावे, हेही त्यात आहे. शुभं करोति आणि वदनी कवळ घेता यांच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये. धर्म टिकतो तो आधी माजघरात, देवळात नंतर, हे त्याने ओळखले होते.

पण तत्त्व मान्य करणे निराळे आणि त्याप्रमाणे माणसांना वाट मोकळी करून देणे निराळे. १५३० च्या आउग्सबुर्ग येथील निवेदनात याच पंथाने असेही लिहून ठेवले की, रीतसर बोलावणे आल्यावाचून कोणीही जाहीर उपदेश करू नये. यात गैर काही नाही. उठेल त्याने व्यासपीठावर चढावे आणि तोंडास येईल ते शास्त्र म्हणून सांगावे, असे झाले तर काय होते ते आपल्याकडील काही स्वयंघोषित महाराजांनी पुरेसे दाखविले आहे. परंतु जे कलम सुव्यवस्थेसाठी होते ते हळूहळू कुंपण झाले. प्रत्येक जण पुरोहित, हे पुस्तकात राहिले. बाकावर बसून ऐकावे, हे वाट्यास आले.

नॉर्वेतील हान्स नील्सेन हाउगे याची कथा येथे थोड्या विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. हा १७७१ साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. १७९६ च्या एप्रिल महिन्यात शेत नांगरीत असता, तोंडाने भजन म्हणत असता, त्यास ईश्वरी साक्षात्कार झाला असे तो सांगे. तेथून तो निघाला तो सारा नॉर्वे पायी तुडवीत. डोंगर, बर्फ, एकाकी वाड्यावस्त्या यांतून हा मनुष्य हजारो मैल चालला, आणि चालता चालता हातांनी लोकरीचे मोजे विणीत राहिला. वेळ फुकट जाऊ नये म्हणून! सावता माळ्याचे नाव घेणाऱ्या समाजाला हा मनुष्य परका वाटेल, असे आम्हांस वाटत नाही. जेथे तो जाई तेथे स्वयंपाकघरात, गोठ्यात लोक जमत, धर्मग्रंथाचे वाचन होई. तो पुस्तके लिही आणि छापून वाटी. कागदाची गिरणी आणि इतर उद्योग उभारून त्याने आपल्या माणसांना रोजगारही दिला. सारा औस्ट हिच्यासारख्या स्त्रियाही त्याच्या प्रेरणेने उपदेश करू लागल्या.

आता याच्या पंथाने यास काय उत्तेजन दिले? १७४१ च्या एका राजाज्ञेनुसार स्थानिक पाद्र्याच्या देखरेखीवाचून धर्मसभा भरविण्यास मनाई होती. या आज्ञेच्या आधारे त्यास वारंवार पकडण्यात आले, आणि १८०४ मध्ये जे तुरुंगात टाकले ते बरीच वर्षे. मध्यंतरी ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीमुळे देशात मिठाची टंचाई पडली. तेव्हा या कैद्याच्या उद्योगी स्वभावाची सरकारला आठवण झाली, आणि १८०९ मध्ये त्यास बाहेर काढून मिठागरे उभारण्याच्या कामी लाविले. काम होताच पुन्हा कोठडी. १८१४ मध्ये शिक्षा दंडावर आली, तोवर प्रकृती पार खालावली होती. १८२४ मध्ये तो वारला. ती राजाज्ञा रद्द झाली १८४२ मध्ये.

सेवकाकडून मीठ घ्यावयाचे आणि त्याचा शब्द मात्र नको, ही वृत्ती केवळ नॉर्वेच्या अधिकाऱ्यांचीच होती काय? आपल्या मंदिरांतून मंडप घालण्यास, पंगती उठविण्यास, वर्गणी गोळा करण्यास तरुण हवे असतात; पण सप्ताहात ग्रंथ कोणता लावावा, कीर्तनकार कोण बोलवावा, या विचारविनिमयात त्यांना कोणी विचारीत नाही. मग तरुण देवळात येत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. विशेष हे की, एवढे सोसूनही हाउगेने आपल्या अनुयायांना मूळ चर्च सोडू नका, असेच मरणापूर्वी बजाविले. गृहस्थ सेवक पुरोहिताचा शत्रू नसतो. त्यास शत्रू ठरविले जाते.

या पंथाची दुसरी कथा आपल्या देशातील आहे, आणि तिच्यात मराठी राज्याचाही संबंध येतो. १७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले लूथरन मिशनरी तरंगंबाडी येथे उतरले. परक्या साहेबाला तमिळ खेड्यांत काय कळणार? प्रत्यक्ष काम चालले ते देशी उपदेशकांच्या पायांवर. यांत राजनायकन नावाचे एक गृहस्थ होते. ते तंजावरच्या मराठे राजांच्या सैन्यातील शिपाई. जन्माने ते रोमन कॅथलिक; तमिळ भाषेतील ख्रिस्ती ग्रंथ वाचून ते लूथरन पंथात आले आणि पुढे त्याच राज्यात अनेक वर्षे उपदेशक म्हणून विरोध सोसून काम केले. १७३३ मध्ये आरोन या वेळ्ळाळ जातीच्या उपदेशकास पाद्री म्हणून दीक्षा मिळाली; प्रॉटेस्टंट पंथाचा तो पहिला हिंदी पाद्री. त्यानंतर दुसरा देशी पाद्री नेमण्याचा प्रश्न आला तेव्हा राजनायकन यांचा विचार झाला, आणि बाजूस सारण्यात आला. कारण ते परैयर जातीत जन्मले होते, आणि त्यांच्या हातचा प्रसाद उच्च जातीचे ख्रिस्ती घेणार नाहीत, ही भीती! सर्वांना पुरोहित म्हणणाऱ्या पंथाची ही गोष्ट.

हे वाचून आपल्यापैकी कोणास समाधान वाटेल तर त्याने क्षणभर पंढरपूरच्या महाद्वाराकडे पाहावे. चोखोबांची समाधी देवळाबाहेर आहे. अस्पृश्य म्हणविलेल्या विठ्ठलभक्तांना आत पाऊल टाकता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. आणि गाभाऱ्यातील सेवेवरचा बडवे-उत्पातांचा वंशपरंपरागत हक्क न्यायालयाच्या निर्णयाने संपला तो २०१४ मध्ये. हाउगेच्या कथेहून ही अधिक सोयीची आहे, असे आम्हांस म्हणवत नाही.

तंजावरातच या कथेची एक प्रसन्न बाजूही दिसते. श्वार्ट्झ या लूथरन पाद्र्यापाशी शिकलेले वेदनायकम शास्त्री यांना दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारी कवी म्हणून आश्रय मिळाला. दीक्षित पाद्री नसलेल्या या शिक्षकाने आपल्या लोकांसाठी तमिळमध्ये कीर्तने रचली आणि ती गाऊन ऐकविली. ज्या दरबारात मराठी कीर्तनाला राजाश्रय होता त्याच दरबारात हे घडले, याचा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो. ज्यास आपल्या भाषेत, आपल्या चालीत बोलू दिले त्याचे काम टिकते. त्यांची गीते तमिळ ख्रिस्ती आजही गातात.

माणसाला उत्तेजन कसे द्यावे याचा धडा मात्र याच पंथाच्या मादागास्कर बेटावरील शाखेने आमच्या मते सर्वांत चांगला गिरविला. १८९४ मध्ये रायनिसोआलांबो या खेडूताच्या पुढाकाराने तेथे एक भक्तीची चळवळ उभी राहिली. तिच्यातील सेवकांना त्यांच्या भाषेत 'मेंढपाळ' अशा अर्थाचे नाव आहे. हे बहुतेक शेतकरी, कामकरी. यांत स्त्रियाही पुष्कळ. त्यांना आधी सुमारे दोन वर्षे शिक्षण देतात, मग भर मंडळीत, उपासनेच्या वेळी, त्यांच्यावर कार्य सोपवितात आणि ते पांढरी वस्त्रे धारण करतात. आजारी व मनोरुग्ण यांच्यासाठी चालविलेल्या वसाहतींतून ते सेवा करतात. काम आधी शिकविले, मग चारचौघांत सोपविले, आणि सोपविल्यावर विश्वास ठेवला. शाल-नारळाचा येथे प्रश्नच आला नाही.

आपल्याकडे हे नाही, असे नव्हे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, ती याच जाणिवेने. खेड्यापाड्यातली मुले तेथे राहिली, माधुकरी मागून जेवली, ज्ञानेश्वरी शिकली, आणि महाराष्ट्रभर कीर्तन करू लागली. पण आळंदी एक आणि गावे हजारो. ज्याला चार वर्षे घर सोडून जाता येत नाही, अशा दुकानदाराने, कंडक्टरने, परिचारिकेने काय करावे? त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ बसवून ओवीचा अर्थ, आजाऱ्याशी कसे बोलावे, शोक झालेल्या घरी काय वाचावे आणि केव्हा गप्प बसावे, हे शिकविण्याची व्यवस्था गावच्या मंदिराला करता येणार नाही काय? यास पैसा फारसा लागत नाही. लागते ती जाणत्या बुवांची तयारी, आपले ज्ञान वाटून टाकण्याची. ती तयारी नेहमी असतेच असे नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

स्त्रियांविषयी दोन शब्द अधिक बोलावेसे वाटतात. दिंडीत डोक्यावर तुळस त्या घेतात, एकादशीचा फराळ त्या करतात, हरिपाठ पुष्कळ घरांत त्यांनाच पाठ असतो. पण मंदिरात पारायणाच्या व्यासपीठावर बसण्याची वेळ आली की, वाचनास योग्य असा पुरुष शोधावयास माणसे पिटाळली जातात. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांची नावे ज्या संप्रदायात रोज घेतली जातात तेथे हा शोध कशासाठी, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

आणि विसावा! सेवेकऱ्यालाही थकवा येतो, ही गोष्ट आपण मानीतच नाही. 'देवाचे काम, त्याला कसली सुट्टी' असे म्हणून एकाच माणसाच्या खांद्यावर वीस वीस वर्षे तोच भार ठेवितो, आणि तो कोसळला की हळहळतो. त्याच्याबरोबर दुसरा कोणी आधीपासून तयार केला असता तर त्यास चार दिवस लेकीकडे जाता आले असते.

ज्या वृद्ध गृहस्थांचा आम्ही आरंभी उल्लेख केला त्यांना गेल्या महिन्यात पुन्हा भेटलो. दृष्टी मंदावली आहे, उठवत नाही. काकड्याचे काय चालले आहे, हेच त्यांनी पहिल्यांदा विचारले. शेजारचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा हल्ली त्यांच्यापाशी संध्याकाळी येऊन बसतो आणि त्यांच्याकडून काकड्याचे अभंग चालीसकट उतरवून घेतो, असे कळले. त्यास कोणी सांगितले नव्हते. मंदिराच्या मंडळींपैकी कोणी अद्याप त्याची विचारपूस केलेली नाही. उद्या द्वादशीच्या पारण्याला मंडळी जमतील, तेव्हा आम्ही हा विषय काढणार आहोत.