शिळफाट्याची न मोजलेली हवा

खोपोलीचा शिळफाटा (कल्याणजवळचा नव्हे) प्रवाशांना ठाऊक असतो तो बोरघाटाच्या पायथ्याचा थांबा म्हणून. तेथील धूर आणि धूळ यांविषयी कोणीही तक्रार करू शकतो, कारण ती डोळ्यांना दिसतात. क्लोरीनयुक्त सेंद्रिय प्रदूषके दिसत नाहीत. आणि २००९ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय हवा-मानकांतील १२ प्रदूषकांमध्ये त्यांपैकी एकाचाही समावेश नाही.

वायव्येस वीस-पंचवीस किलोमीटरवर, याच खालापूर तालुक्यात, रसायनी आहे. मलेरियाविरोधी मोहिमेला डीडीटी पुरविण्यासाठी १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या तेथील कारखान्यात १९८० च्या दशकापासून डीडीटी तयार होऊ लागले. या द्रव्याने असंख्य जीव वाचविले, हे नाकारण्याचे कारण नाही. शेतीतील त्याचा वापर भारताने १९८९ मध्ये बंद केला. २००६ मध्ये स्टॉकहोम कराराला मान्यता देताना रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती सवलत मात्र राखून ठेवली. यावरून शिळफाट्याची हवा दूषित आहे असे सिद्ध होत नाही, आणि ती निर्दोष आहे असेही नाही. दोन्ही विधानांना आकडा हवा.

तो आकडा मिळविणे सोपे नाही. ही द्रव्ये घनमीटरमागे पिकोग्रॅममध्ये मोजावी लागतात, आणि एका ग्रॅममध्ये एक लाख कोटी पिकोग्रॅम असतात. पंपाने दिवसभरात शेकडो घनमीटर हवा खेचली जाते. धुळीला चिकटलेला अंश गाळणकागदावर आणि वायुरूप अंश फोममध्ये अडकतो. तो द्रावकात उतरवून गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासतात. दुसरी पद्धत स्वस्त आहे. पोलादी वाडग्यांच्या आडोशाला फोमची चकती तीनेक महिने टांगून ठेवायची. वीज लागत नाही. मात्र तीतून सरासरीच कळते, आणि धुळीवरचा अंश नीट सापडत नाही. कचरा जाळल्याने निर्माण होणारी डायॉक्सिने बहुतांशी धुळीवरच असतात, तेव्हा त्यांच्यासाठी पंपाला पर्याय नाही.

ऋतूचे भानही हवे. पावसात हवा धुतली जाते. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीतून जुने साठे पुन्हा वाफेच्या रूपाने वर येतात. कोरड्या महिन्यांत दुपारचा खारा वारा वायव्येकडून घाटाच्या दिशेने वाहतो. केवळ जुलैत नमुना घेऊन समाधान मानणे म्हणजे सुगीपूर्वीच कोठार मोजण्यासारखे होईल. शिवाय डीडीटी आणि त्याच्या विघटनातून होणारे डीडीई यांचे परस्परप्रमाण तपासले, तर द्रव्य ताजे आहे की जुन्या साठ्यातले, याचाही बराच उलगडा होतो. जबाबदारी ठरविताना हा भेद निर्णायक ठरेल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे बाजार निरुपयोगी आहे. जे द्रव्य सोडतात त्यांना आकडा नको असतो. श्वास घेणाऱ्या कोणा एकट्याला तो परवडत नाही. खर्च सरकारनेच करावयास हवा, आणि तो डोईजड नाही. शिळफाटा, रसायनी आणि तुलनेसाठी माथेरान येथे चकत्या टांगल्या, तर वर्षाचे नमुने होतात बारा. पंपाची तपासणी हिवाळ्यात व उन्हाळ्यात एकेकदा केली तरी प्रारंभाला पुरे. निष्कर्ष मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दप्तरात न राहता खोपोली नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लागले पाहिजेत.