लाज सोडा, दुखणे सांगा



रोवणीच्या दिवसांत बायका दिवसभर चिखलात वाकून असतात. अशा वेळी काही जणींना खालून काहीतरी उतरून आल्यासारखे वाटते. याला आपण 'अंग बाहेर येणे' म्हणतो. सोबत लघवीची तक्रारही सुरू होते. पण ती ना सासूला सांगता येते, ना नवऱ्याला.

कमरेच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भपिशवी, लघवीची पिशवी व आतडे तिच्या आधाराने राहतात. जास्त बाळंतपणे, अडलेले बाळंतपण, जड ओझी, जुना खोकला, बद्धकोष्ठता व उतारवय यांनी ही झोळी सैल पडते. मग गर्भपिशवीबरोबर लघवीची पिशवीही खाली झुकते.

लघवीच्या नळीचा आधार सुटला की खोकताना, शिंकताना, घमेले उचलताना लघवी सुटते. अंग जास्त बाहेर आले तर उलटे घडते. नळी मुडपते, लघवी अडते, थेंबथेंब होते. काही जणींना बोटाने अंग आत सारल्यावरच लघवी होते. तेव्हा पूर्वी सुटणारी लघवी आता सुटत नाही, म्हणजे दुखणे बरे झाले, असे समजू नका. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, जळजळ व ताप येतो. दुखणे फार वाढले तर मूत्रपिंडावरही ताण येतो. पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे; त्याने त्रास वाढतो.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी कधी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के!

उपाय आहेत. लघवी थोपवताना जे स्नायू आवळतो, ते पाच अंक मोजेपर्यंत आवळावेत व सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. मात्र लघवी करताना करू नये. अंग आत धरून ठेवणारी कडी डॉक्टर बसवून देतात. शस्त्रक्रियाही आहे, आणि प्रत्येकीची गर्भपिशवी काढावीच लागते असे नाही. शस्त्रक्रियेआधी लघवीचा त्रास डॉक्टरांना अवश्य सांगा. कारण अंग वर गेल्यावर दबलेली गळती कधी कधी उघडी पडते.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, तुमसर-साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. लघवी पूर्ण अडली तर त्याच दिवशी जा. आणि घरच्या पुरुषांनो, बाळंतिणीच्या डोक्यावरचा भारा तुम्ही उचला.